एका गृहपाठाचे परीक्षण

दिवाळी अंकातले परीक्षण म्हटले की एखादी कादंबरी नाहीतर एखादा कवितासंग्रह, अशी वाचकांची अपेक्षा असते. मी आज ज्या लेखनाचे परीक्षण करणार आहे, ते कोणी विकत घेत नाही. पण या सुट्टीत ते पुष्कळ घरांत उघडे पडलेले असेल. चकलीच्या सोऱ्याशेजारी, कोपऱ्यावर तेलाचा डाग पडलेली आणि निम्मी कोरी अशी ती इंग्रजीच्या गृहपाठाची वही!

मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. त्यामुळे मला इंग्रजी येते ती विद्वानासारखी नव्हे, ठेचा खात वाट चाललेल्या माणसासारखी. पण ठेच कुठे लागते, हे मला चांगले ठाऊक आहे. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत भेटायची. २००० सालापासून ती पहिलीपासूनच मुलांच्या सोबतीला आली. तरी सुट्टीत शेजारची मुले माझ्याकडे येतात आणि मी पूर्वी म्हणत असे तेच म्हणतात, "बाई, एवढे सोडवून द्या ना!"

'सोडवणे' हा शब्द मोठा मार्मिक आहे. आपण गाठ सोडवतो, तसाच प्रश्नही सोडवतो. पण गाठ कुठे बसली आहे हे न पाहता दोरी कापून टाकली, तर त्याला सोडवणे म्हणत नाहीत. बाजारातली गाइडे नेमके हेच करतात, असे माझे मत आहे.

उदाहरण घेऊ. सातवीतल्या एका मुलाला अप्रत्यक्ष कथनाचे वाक्य करायचे होते. दादाने निरोप दिला आहे, तो उद्या येणार आहे. मुलाने लिहिले, 'ही सेड दॅट आय ॲम कमिंग.' गाइडात नियम होता: 'आय'चा 'ही' करावा, 'ॲम'चा 'वॉज' करावा. मुलाने नियम दहा वेळा लिहिला आणि अकराव्या वेळी पुन्हा तीच चूक केली.

आता ही चूक जरा प्रेमाने पाहा. आपण मराठीत म्हणतो, 'दादा म्हणाला, की मी उद्या येतो.' इथला 'मी' कोण? दादाच! 'की' म्हटल्यावरही आपण बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे राहू देतो. इंग्रजीला ते चालत नाही. तिथे निरोप सांगणारा सगळे वाक्य आपल्या जागेवरून बोलतो. म्हणून त्या मुलाच्या इंग्रजी वाक्यात दादा घरीच राहिला आणि निरोप सांगणारा धाकटा भाऊच गाडीत बसला! हे सांगितल्यावर मुलगा पोट धरून हसला, आणि त्याची ती चूक पुन्हा मला दिसली नाही. त्याचे अज्ञान नव्हतेच. तो मराठीच्या नियमाने अगदी बरोबर चालला होता, फक्त गाव दुसरे होते.

कर्मणी प्रयोगाचेही असेच. 'रामाने आंबा खाल्ला' हा मराठीत कर्मणी प्रयोग. आंब्याऐवजी चिंच आली तर 'खाल्ली', केळे आले तर 'खाल्ले'. क्रियापद रामाकडे पाहतच नाही. मुलाला सांगितलेले असते, की कर्मणी म्हणजे पॅसिव्ह. मग ते बिचारे प्रामाणिकपणे इंग्रजीत लिहिते, की आंबा रामाकडून खाल्ला गेला. इंग्रज मात्र इथे सरळ 'राम एट अ मँगो' म्हणून मोकळा होतो. दोन व्याकरणांतली नावे सारखी वाटली, तरी घरच्या रीती वेगळ्या असतात. मुलाला लाल शाई दाखवण्याआधी हे कोणीतरी सांगायला नको का?

इथे 'रेन अँड मार्टिन'ची आठवण होणारच. १९३०च्या दशकातले हे व्याकरण आजही दुकानांत मिळते. त्यातला रेन स्वतः कादंबरीकार होता, हे पुष्कळांना माहीत नसते. १९२४ साली निघालेली 'ब्यू जेस्ट' ही त्याची साहसकथा चांगलीच गाजली. हिंदुस्थानात शिक्षणखात्यात काढलेली वर्षे त्याच्या व्याकरणात दिसतात. शिस्त, क्रम आणि उदाहरणांचा भरणा याबाबतीत त्या पुस्तकाला नावे ठेवायला जागा नाही. पण ते इंग्रजीतून इंग्रजी शिकवते. मूल कोणत्या घरातून निघाले आहे, याची चौकशी ते करीत नाही. उलट आपल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेत मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य समोरासमोर येतात. तिची वाक्ये आज जुनाट वाटतील, त्यांची थट्टाही पुष्कळ झाली आहे, पण तिची दिशा योग्य होती असेच मी म्हणेन.

व्याकरणात निदान चूक आणि बरोबर यांचा निवाडा होतो. कवितेच्या प्रश्नांत तोही होत नाही, आणि तिथे माझ्या हातून एक अपराध घडलेला आहे.

वर्ड्स्वर्थची 'डॅफोडिल्स'ची कविता मी वर्गात शिकवत होते. कवी एकटाच भटकत असतो आणि त्याला तळ्याकाठी फुलांचा मेळा दिसतो, एवढे सांगून झाले. जरा रंगत यावी म्हणून मी एक हकीकत जोडली: १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तळ्याकाठी कवीला ती फुले दिसली, तेव्हा त्याची बहीण डोरोथी त्याच्याबरोबर होती. तिने रोजनिशीत त्या फुलांचे सुंदर वर्णन लिहून ठेवले आहे. कविता त्यानंतर लिहिली गेली आणि १८०७ साली छापली गेली. इतकेच नव्हे, तर तिच्यातल्या दोन ओळी पत्नीने सुचवल्या, हे कवीने स्वतःच सांगून ठेवले आहे.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी तोंड न उघडणारी. म्हणाली, "बाई, बहीण बरोबर होती, तर तो एकटा कसा?"

घंटा व्हायला पाच मिनिटे होती. मी म्हटले, "परीक्षेत हे लिहू नकोस. एकटा होता, असेच लिही." ती खाली बसली. वर्षभरात तिने पुन्हा काही विचारले नाही.

खरे तर त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच घरात होते. माझ्या एका कादंबरीत नायिका संध्याकाळी नदीवर एकटी जाते. तो प्रसंग माझ्यावरच गुदरलेला, आणि त्या दिवशी माझी थोरली बहीण माझ्याबरोबर होती. पुस्तक वाचून ताई मला म्हणाली होती, "अगं, आणि मी कुठे गेले?" मी तिला म्हटले होते, "ताई, तू होतीस. पण मी एकटी होते." एकटेपणा म्हणजे काही माणसांची शिरगणती नव्हे. घडलेले आणि लिहिलेले यांत जे अंतर असते, तेच तर साहित्य! त्या मुलीने कोणाच्या मदतीवाचून त्या अंतरावर बोट ठेवले होते, आणि मी ते बोट बाजूला केले. सगळ्या वर्गाच्या वह्यांत 'कवी एकटा होता' हे एकच वाक्य होते. मी सगळ्यांना पूर्ण गुण दिले.

आता तर मोबाइलला प्रश्न विचारला, की क्षणात उत्तर हजर होते, तेही माझ्यापेक्षा शुद्ध इंग्रजीत. कोणी म्हणेल, मग बाईंचे काम संपले. मला उलटे वाटते. उत्तरे इतकी स्वस्त झाल्यावर मुलाने स्वतः विचारलेला प्रश्नच मोलाचा ठरणार. कविता संपल्यावर मी हल्ली मुलांना उत्तराखाली आपला एक प्रश्न लिहायला सांगते. मराठीत लिहिला तरी चालतो. त्याला गुण नसतात, पण वही तपासताना मी आधी तोच वाचते.

तेव्हा वाचकहो, या सुट्टीत लेकराची इंग्रजीची वही पुढे आली, तर फराळाची बशी घेऊन त्याच्याशेजारी बसा. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नका. "तुला कुठे अडले, ते मराठीत सांग," एवढेच म्हणा. आणि त्याने भलताच काही प्रश्न विचारला, तर घड्याळाकडे पाहू नका. मी पाहिले होते.