फिल्म-स्कॅनरचा आकडा व त्यांतील प्रक्षेप

पोथ्या व दप्तरें यांच्या मायक्रोफिल्मी संगणकांत उतरवून घेतांना स्कॅनरच्या जाहिरातींत छापलेला दर इंची ४००० किंवा ६४०० बिंदूंचा आकडाच प्रमाण मानण्याचा प्रघात पडत आहे. तो आम्हांस चिंत्य वाटतो. यंत्र दर इंची किती ठिकाणीं नोंद घेतें, एवढेंच तो आकडा सांगतो. त्या नोंदींत तपशील किती उतरतो, हें भिंगावर व फिल्म नेमक्या पातळीवर बसण्यावर अवलंबून असतें.

परीक्षा सुलभ आहे. अमेरिकन वायुदलाच्या १९५१ सालच्या नमुन्याची कांचेची पट्टी मिळते. तींत तीन-तीन रेघांचे संच पायरीपायरीनें बारीक होत जातात व दर सहा पायऱ्यांनीं बारिकी दुप्पट होते. ही पट्टी फिल्मच्याच पातळीवर ठेवून स्कॅन करावी आणि तिन्ही रेघा सुट्या दिसणारी शेवटची पायरी टिपावी. तेथील दर मिलिमीटरच्या रेघ-जोड्यांस ५०.८ नें गुणिलें असतां यंत्राची खरी शक्ति कळते. आडव्या व उभ्या रेघांचें फळ बहुधा भिन्न येतें. त्यांपैकीं कमी असेल तें धरावें.

समजा, ६४०० चें यंत्र ५ क्रमांकाच्या गटांतील ४ थ्या पायरीवर थांबलें. तेथें जोड्या ४५.३, म्हणजे दर इंची बिंदू सुमारें २३००. क्षेत्रफळाच्या हिशेबानें आठांपैकीं जवळजवळ सात बिंदू नवें कांहींच सांगत नाहींत. पोथीच्या परिभाषेंत ते प्रक्षिप्त होत : त्यांनीं ग्रंथ वाढतो, पाठ सुधारत नाहीं.

हा वाद केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. १४ पट लहान केलेल्या मायक्रोफिल्मवर ही शक्ति मूळ कागदावरील सुमारें ०.१५ मिलिमीटर रुंदीच्या रेघेपाशीं संपते. त्याहून बारीक व लगतच्या रेघा एकमेकींत मिसळतात, आणि तारखेंतील एका अंकाचें वळण बुजलें तरी पत्राचा काल संशयित होतो. शिवाय ॲसिटेटची फिल्म कालांतरानें आंबूस वास सोडूं लागते व आक्रसते; मूळाकडे पुन्हां वळण्याची संधि मिळेलच असें नाहीं.

यास्तव प्रत्येक संचासोबत त्याच यंत्रावर, त्याच मांडणींत घेतलेलें पट्टीचें चित्र जोडावें, अशी आमची संग्राहकांस सूचना आहे. ज्या प्रतीस ही परीक्षा जोडलेली नाहीं, तिच्या आधारें संदिग्ध अक्षराचा पाठनिर्णय करूं नये.