चित्रदर्शन आणि आपबीती

छायाचित्राकडे वाङ्मयाच्या अंगाने पाहण्याची सवय आपल्या टीकाकारांस फारशी नाही. चित्र, शिल्प, नाट्य यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. छायाचित्र मात्र वर्तमानपत्राचे आणि लग्नमंडपाचे, अशी एक समजूत आहे. त्यामुळे ज्या प्रकाराचा विचार येथे करावयाचा आहे, तो साहित्याच्या पंक्तीस बसवावा की नाही, इथपासूनच वाद निघेल. घरात, नात्यात वा ओळखीच्या माणसाकडून मारहाण किंवा अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या हाती कॅमेरा द्यावयाचा. तिला हवे ते टिपू द्यावयाचे. मग त्या चित्रासमोर बसून तिने सावकाश बोलावयाचे आणि दुसऱ्याने ऐकावयाचे, अशा रीतीचे काम गेली काही दशके देशोदेशी चालू आहे. त्यातून शेवटी हाती राहते ते एक चित्र आणि त्याखालचे चार-सहा ओळींचे निवेदन. समाजसेवक त्यास उपचाराचे साधन म्हणतात. आमच्या मते तो आत्मकथनाचाही एक प्रकार आहे, आणि आत्मकथनाला जे निकष आपण लावतो ते त्यालाही लावून पाहिले पाहिजेत.

या पद्धतीचे मूळ शोधू लागले की ब्राझीलचा शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेइरी याच्यापाशी यावे लागते. प्रौढांस अक्षरे शिकविताना त्यांच्याच जीवनातील चित्रे समोर ठेवावी आणि त्यांवर बोलणे घडवावे, ही त्याची कल्पना. त्याच विचाराने १९७३ मध्ये पेरू देशात चाललेल्या साक्षरतेच्या कामाची एक हकीकत नाटककार आउगुस्तो बोआल याने सांगून ठेवली आहे. शिकणाऱ्यांस प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर छायाचित्राने मागावयाचे, असा प्रयोग होता. शोषण म्हणजे काय, या प्रश्नाला एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचे चित्र आणून दिले. मोठ्यांना काही उमगेना. बरोबरीच्या मुलांना मात्र ते तत्काळ कळले. ही मुले शहरात बूट पुसण्याचे काम करीत. आपली पेटी रोज लांबवरच्या वस्तीत नेणे-आणणे शक्य नसल्यामुळे ती रात्री कोणाच्या तरी दुकानातील खिळ्याला टांगावी लागे, आणि त्या खिळ्याचे भाडे दुकानदार घेई.

हा खिळा आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. चित्र म्हणून त्यात काही नाही. छायाप्रकाशाची जाण असलेला कोणी परीक्षक ते बाजूला सारील. त्याचा अर्थ बोलण्याने उघडला. मात्र चित्र नसते तर ते बोलणेही निघाले नसते, कारण ‘शोषण’ या जड शब्दाला त्या मुलाकडे शब्दांत उत्तर नव्हते. पुढे चीनच्या युन्नान प्रांतात कॅरोलाइन वांग व मेरी अ‍ॅन बरिस यांनी ६२ ग्रामीण स्त्रियांच्या हाती कॅमेरे दिले आणि १९९७ मध्ये या पद्धतीची रीतसर मांडणी केली. तेथला विषय आरोग्य आणि दैनंदिन जीवन हा होता. हिंसाचाराच्या प्रश्नाकडे ती रीत नंतर वळली. चित्रासमोर विचारावयाचे प्रश्न साधे ठेवलेले असतात: येथे काय दिसते, खरोखर काय घडते आहे, आपल्या जगण्याशी याचा संबंध कोणता, हे असे का आहे, आणि याचे काय करता येईल. क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. ‘तुझ्यावर काय ओढवले’ हा प्रश्न त्यात कोठेच नाही. बोलणारी व्यक्ती चित्राविषयी बोलते, आणि स्वतःपर्यंत तिला वाटेल तेव्हा येते.

आपल्याकडच्या बायकांना ही युक्ती अपरिचित नव्हती. दळताना सासरचा जाच जात्याला सांगावयाचा, समोरच्या माणसाला नव्हे. ओवीचा सारा संसार यावर उभा आहे. हेमा राईरकर व गी प्वातवँ यांच्या प्रयत्नांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित झाल्या, त्या चाळताना प्रथम जाणवते ते हे की तिऱ्हाईत वस्तूकडे तोंड केले म्हणजे जीभ सैल होते. आमच्या पेडणे, डिचोली, सत्तरीच्या भागात पौषाच्या रात्री मांडावर धालो रंगतात. समोरासमोर दोन रांगा, आणि मधल्या गाण्यात सासर-माहेर, देव, शेत सगळे येते. आपले दुःख तेथे एकटीचे राहत नाही, आणि अमक्या घरचे म्हणून उघडेही पडत नाही. पीठगिरणी आल्यावर जाते गेले, आणि त्याबरोबर ते एकांतातले श्रोतेपणही गेले. त्याच्या जागी दुसरे काही आले असे म्हणवत नाही. छायाचित्राने ही जागा काही अंशी भरली तर तिचा तिरस्कार करण्याचे कारण नाही.

आता घरोघरच्या छायाचित्रांचा विचार करू. जुन्या घराच्या वसरीवर पाहिले तर वाडवडिलांच्या तसबिरी, त्यांना हार, एखाद्या लग्नाचा जोडीने काढलेला फोटो, आणि शाळेतल्या वर्गाचा समूहफोटो, ज्यात आम्ही शिक्षक मंडळी खुर्च्यांवर ताठ बसलेली असतो. सगळे मंगल. जो स्पेन्स ही इंग्लिश छायाचित्रकार आरंभी लग्नाचे आणि घरगुती फोटो काढून पोट भरीत असे. तिनेच पुढे प्रश्न केला की आल्बमात भांडण का नसते, आजारपण का नसते, मार खाल्लेला चेहरा का नसतो. रोझी मार्टिन हिच्या सोबतीने तिने स्वतःवरच छायाचित्रांचे उपचार-प्रयोग केले, आणि १९८६ च्या आपल्या पुस्तकात आल्बमातून गळालेले आयुष्य मांडले. ‘माझे घर’ या विषयावरचे निबंध आम्ही वर्षानुवर्षे तपासले आहेत. त्यांतही आई प्रेमळ, बाबा कष्टाळू आणि अंगणात तुळस. वहीच्या त्या पानांत कोणाच्याही घरी रात्री आरडाओरड होत नाही. आल्बम आणि निबंध यांचे हे साम्य शिक्षकाने डोळ्यांआड करू नये.

येथे अमेरिकन छायाचित्रकार डॉना फेरॅटो हिचे उदाहरण आडवे येईल. १९८२ मध्ये एका घरात नवरा बायकोवर हात उगारतो तो क्षण तिच्या कॅमेऱ्याने पकडला, आणि १९९१ च्या तिच्या ग्रंथाने पुष्कळांचे डोळे उघडले. ते काम मोठे आहे, परंतु ते साक्षीदाराचे काम आहे. ज्या स्त्रीने सोसले ती त्यात दिसते. पाहते दुसरेच कोणी. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत त्यात पाहणारी तीच असते, आणि म्हणून बहुधा तिचा चेहरा चित्रात नसतोच. चुलीजवळचा कोपरा, न्हाणीचे दार, रस्त्यावरचा बसथांबा, अशी ही चित्रे असतात. करुण रसाची ज्यांना गोडी आहे त्यांची येथे निराशा होते. ती व्हावी हेच बरे, असे आमचे मत आहे.

तथापि या पद्धतीची भलामण करणारे एक गोष्ट विसरतात, आणि तिचे स्मरण भवभूतीने फार पूर्वी दिलेले आहे. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकातील चित्रदर्शन वाचकांस आठवत असेल. राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत बसले आहेत. शूर्पणखा दिसताच सीता दचकते; हे केवळ चित्र आहे असे सांगून रामाला तिची समजूत घालावी लागते. जनस्थानाच्या चित्रापाशी खुद्द रामाचे जुने दुःख उसळून येते. मंथरेचे चित्र येताच मात्र राम काहीच न बोलता पुढच्या चित्राकडे वळतो, आणि मधल्या मातेचा प्रसंग त्याने टाळला हे लक्ष्मण मनाशी टिपतो. पण विचारीत नाही. एखादे चित्र न बोलता उलटण्याचा हा अधिकार आणि तो ओळखणारा असा श्रोता, यांहून अधिक शहाणपण आम्हांस आजच्या मार्गदर्शक पुस्तिकांत सापडलेले नाही. पण अंक तेथे संपत नाही. दमलेली सीता ज्याच्या बाहूवर डोके ठेवून झोपते, तोच थोड्या वेळाने लोकापवादासाठी तिचा त्याग करतो. चित्रे पाहून झाली, संभाषण झाले, मन हलके झाले. सुरक्षितता मात्र नव्हती. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने १९९२ च्या आपल्या ग्रंथात सावरण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या आहेत, त्यांत सुरक्षितता पहिली आहे, आणि आठवणे व शोक करणे त्यानंतरचे.

पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांत या पहिल्या पायरीला विशेष अर्थ आहे. मुंबईत दाराच्या चित्रावरून घर कोणी ओळखणार नाही. येथे तुळशीवृंदावनाच्या रंगावरून, आगराच्या बांधावरून, इतकेच काय अंगणातल्या मांगराच्या छपरावरून वाड्यातला कोणीही सांगेल की हे अमक्याचे. चेहरा झाकला म्हणजे ओळख झाकली असे येथे होत नाही. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बालकाचे छायाचित्र वा ओळख प्रसिद्ध करण्यास २०१२ च्या कायद्याने बंदी आहे, आणि बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेने गुन्हा ठरविले आहे. पण कायद्याला चेहरा आणि नाव समजते, वृंदावनाचा रंग समजेलच असे नाही. शिवाय आता कॅमेरा म्हणजे मोबाइल, आणि बायकोचा मोबाइल रोज तपासणारे नवरे आहेत. ज्याच्या भीतीविषयी चित्र काढले त्याच्याच हाती ते पडण्यास एक संध्याकाळ पुरते.

बोलण्याच्या बाजूस गोव्यात भक्कम आधार आहे. १९९६ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र औदासीन्याच्या ४९५ रुग्णांवर एक अभ्यास केला. उपचार करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते. प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते होते, आणि काम मुख्यतः संभाषणाचे होते. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांचे औदासीन्य तर इतरांहून अधिक उतरलेच, पण त्यांतील स्त्रियांनी सांगितलेली जवळच्या माणसाकडून होणारी मारहाणही कमी आढळली. त्यात छायाचित्र नव्हते, हे खरे. परंतु नीट ऐकणारे माणूस गावच्या आरोग्य केंद्रात तयार करता येते, एवढे त्यावरून निश्चित झाले.

आमचा खरा आक्षेप भाषेविषयी आहे. अशा कामांतून प्रसिद्ध होणारी निवेदने वाचली तर ती सारी एकाच लेखणीतून उतरल्यासारखी वाटतात. प्रत्येक स्त्री शेवटी खंबीर होते, प्रत्येकीला प्रकाश दिसतो. पेडण्याची बाई बोलते तिकडच्या कोंकणीत. कार्यकर्ती ते शाळेत शिकलेल्या मराठीत टिपते. अहवाल जातो इंग्रजीत, आणि प्रदर्शनाच्या फलकावर पुन्हा मराठीत येतो. ‘कुळार’ या शब्दात परत जाण्याची जी एकमेव वाट होती, तिचे एव्हाना ‘पालकांचे निवासस्थान’ झालेले असते. ‘घोवान मारलें’ हे दोन शब्द ‘वैवाहिक हिंसाचाराचा अनुभव’ होऊन बसतात. याउलट हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ पाहावे. १९७० मध्ये पुस्तकरूपाने आलेले हे आत्मकथन त्यांनी अरुण साधू यांस तोंडी सांगितले. नवऱ्याचा जाच आणि दारूची सवय त्यात आहे, स्वतःचे पाऊल घसरल्याचे सांगणेही आहे. पण ऐकणाऱ्याने सांगणारीला सुधारलेले नाही. बोली तिची, विसंगती तिची, शेवटही नीटनेटका नाही. छायाचित्राखालच्या चार ओळींना हा दर्जा यावयाचा असेल, तर टिपणाऱ्याने हात आवरला पाहिजे.

वांग यांनीच २००१ मध्ये एका सहलेखिकेसह या कामातील नीतिनियमांची चर्चा केली, तेव्हा संमती टप्प्याटप्प्याने घ्यावी असे सांगितले: कामात भाग घेण्याची एक, ज्याचे चित्र घेतले त्याची दुसरी, आणि प्रसिद्धीची वेगळी तिसरी. आमच्याकडे या कामास कोणी हात घालणार असेल तर चौथी जोडावी. निवेदन जसे छापावयाचे तसे तिला तिच्या बोलीत वाचून दाखवावे, आणि एखादा शब्द तिला आपला वाटला नाही तर तो काढावा. चित्र कोठे ठेवावयाचे, घरी की संस्थेच्या कपाटात, हेही त्याच बैठकीत विचारून घ्यावे.