चाहूल लागली की शोध लागला?

आजचं व्याख्यान व्याख्यानांबद्दलच आहे. चालू संशोधन सर्वसामान्य श्रोत्यांपुढे मांडणारी जाहीर व्याख्यानं हल्ली सभागृहांत होतात, ऑनलाइन होतात, आणि त्यांचं आपण कौतुकही भरपूर करतो. परीक्षण मात्र करत नाही. नाटकाचं परीक्षण होतं, मैफलीचं होतं, पुस्तकाचं होतं. विज्ञानाच्या व्याख्यानाबद्दल मात्र "छान झालं, सोप्या भाषेत सांगितलं" एवढ्यावर आपण थांबतो. आज जरा पुढे जाऊ या.

आम्ही ही व्याख्यानं ऐकतो आणि काही उतरवूनही काढतो. ऐकताना जे निसटतं ते उतरवताना सापडतं, कारण तिथे प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या व्याख्यानांतून निष्कर्ष पोचतो, पण तो किती पक्का आहे हे पोचत नाही. आणि संशोधन अजून चालू असतं तेव्हा तेच सांगणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

हवेत बोलायला नको. एक उदाहरण घेऊ, आपल्या जुन्नर तालुक्याशी नातं असलेलं.

२९ जून २०२३. जगातल्या वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी एक निकाल जाहीर केला. अमेरिकेतला गट होता, ऑस्ट्रेलियातला, चीनमधला, आणि युरोपीय गटाबरोबर काम करणारा भारतीय गट. या भारतीय गटात जपानी शास्त्रज्ञही आहेत. त्यांची निरीक्षणं कुठली? तर खोडदच्या जीएमआरटीची. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असलेली ही रेडिओ दुर्बीण आपल्यापैकी कित्येकांनी विज्ञानदिनाला जाऊन पाहिलेली असेल.

निकाल कशाबद्दल होता? पल्सार म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा. सूर्याहून जड, पण आकार एखाद्या शहराएवढा. तो स्वतःभोवती गरगर फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा रेडिओ झोत आपल्यावरून फिरत राहतो. काही पल्सार सेकंदाला शेकडो वेळा फिरतात, आणि तेही इतक्या नियमितपणे, की त्यांचा घड्याळासारखा उपयोग होतो. आता पृथ्वी आणि पल्सार यांच्यामधून गुरुत्वीय लहर गेली, तर अवकाश किंचित ताणलं जातं, आवळलं जातं, आणि ठोके किंचित लवकर किंवा उशिरा पोचतात. किती किंचित? सेकंदाच्या कोट्यंशाच्या घरात. या लहरींचं एक एक हेलकावं पुरं व्हायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून निरीक्षणंही वर्षानुवर्षंच करावी लागतात.

पण ठोका चुकण्याची इतरही कारणं असतात. घड्याळ स्वतः थोडं लहरी असू शकतं. वाटेतल्या विरळ वायूमुळेही रेडिओ लहरी रेंगाळतात, आणि कमी वारंवारतेच्या लहरी जास्त रेंगाळतात. खोडदची दुर्बीण कमी वारंवारतेवर ऐकते, त्यामुळे हा वाटेतला उशीर नेमका मोजता येतो. भारतीय गटाचं मोल इथे आहे.

मग गुरुत्वीय लहर ओळखायची कशी? हेलिंग्ज आणि डाउन्स या दोघांनी १९८३ मध्ये त्याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. दोन-दोन पल्सारच्या जोड्या लावा. आकाशात त्या दोघांमधला कोन मोजा. लहरी खऱ्या असतील, तर दोघांच्या चुकणाऱ्या ठोक्यांचा एकमेकांशी असलेला संबंध त्या कोनानुसार एका ठरावीक वक्राप्रमाणे बदलला पाहिजे. घड्याळ बिघडल्याने किंवा वाटेतल्या वायूने असा वक्र तयार होत नाही.

म्हणजे या निकालाचा सगळा जीव एका आलेखात आहे. एक वक्ररेषा, तिच्या आसपास काही बिंदू, आणि प्रत्येक बिंदूला वर-खाली त्रुटीच्या रेघा. बिंदू वक्राच्या आसपास आहेत, तंतोतंत वक्रावर नाहीत. म्हणूनच संशोधकांनी आपल्या निबंधांत शब्द जपून वापरले. त्यांनी ‘शोध’ म्हटलं नाही. लहरींच्या बाजूने पुरावा दिसतो आहे, असं म्हटलं. युरोपीय आणि भारतीय गटाचा निकाल तीन सिग्माच्या आसपास होता. म्हणजे नुसत्या योगायोगाने असं काही दिसण्याची शक्यता साधारण हजारात एक. आणि भौतिकशास्त्रात ‘शोध’ हा शब्द वापरायचा, तर पाच सिग्मा लागतात, म्हणजे पस्तीस लाखांत एक!

याहून बोलकी गोष्ट पुढे आहे. युरोपीय गटाकडे २५ पल्सारची जवळजवळ २५ वर्षांची निरीक्षणं होती. सगळी वर्षं धरली तर संकेत कमजोर दिसत होता. फक्त अलीकडची, चांगल्या उपकरणांनी घेतलेली सुमारे दहा वर्षं धरली, तर तो ठळक होत होता. माहिती वाढल्यावर खूण पुसट होते, हे जरा खटकतं की नाही? जुन्या उपकरणांची माहिती कमी दर्जाची होती, हे एक शक्य कारण. पण प्रश्न उरतोच, आणि त्यांनी तो लपवला नाही. दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापले.

आता व्याख्यानांकडे येऊ. या निकालावरच्या व्याख्यानांचा एक साचा बनून गेला आहे. सुरुवात न्यूटनपासून. मग सफरचंद, मग आइनस्टाइन, मग रबराच्या चादरीवर ठेवलेला जड गोळा. चाळीस मिनिटं इथेच जातात. मग दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरताहेत असं निळं-जांभळं ॲनिमेशन. मग खोडदचा फोटो आणि टाळ्या. वेळ संपत आली, की शेवटच्या पाच मिनिटांत "आणि अशा रीतीने शास्त्रज्ञांनी या लहरींचा शोध लावला". जोड्यांचा आलेख? दाखवलाच तर "हा जरा तांत्रिक आहे" म्हणून पुढे सरकवलेला. तीन सिग्मा? नाही. जुनी माहिती धरल्यावर काय झालं? नाही.

हे वाईट हेतूने होत नाही, हे आम्हाला मान्य आहे. भाषेचीही एक अडचण आहे. ‘पुरावा’ म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं. पुरावा मिळाला म्हणजे खटला संपला! संशोधकांना एवढं म्हणायचंच नव्हतं. पण मराठीत नेमका शब्द आहे आणि तो घरचा आहे: चाहूल. दाराशी कोणीतरी आलंय असं वाटतं, पावलं ऐकू येतात, पण दार अजून उघडलेलं नाही. २०२३ मध्ये त्या लहरींची चाहूल लागली. शोध लागायचा होता. इतका सरळ फरक आहे, आणि तो सांगायला फार तर अर्धं मिनिट लागतं.

"शब्दांचा एवढा कीस कशाला?" असं कोणी म्हणेल. कारण त्याची किंमत नंतर मोजावी लागते. १७ मार्च २०१४ ला दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं, की विश्वाच्या अगदी आरंभीच्या गुरुत्वीय लहरींची खूण सापडली. संकेत तर पाच सिग्माहून पक्का होता. मोठा गाजावाजा झाला. २०१५ च्या सुरुवातीला प्लांक उपग्रहाच्या गटाबरोबर एकत्र तपासणी झाली, आणि तो संकेत मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा असू शकतो असं निघालं. संकेत खोटा नव्हता, त्याचा अर्थ चुकला होता. सिग्मा एवढंच सांगतो, की हे योगायोगाने दिसलेलं नाही. ते नेमकं काय आहे, हे सिग्मा सांगत नाही.

ज्या श्रोत्याने २०१४ मध्ये टाळ्या वाजवल्या, त्याला २०१५ मध्ये काय वाटलं असेल? "हे शास्त्रज्ञ आज एक सांगतात, उद्या दुसरं." हेच वाक्य आपण २०२० मध्ये घराघरांत ऐकलं. मास्कबद्दलचा सल्ला काही महिन्यांत बदलला तेव्हा लोकांना वाटलं, की आधी आपल्याला फसवलं होतं. नवी माहिती आली की मत बदलणं हे विज्ञानाचं बलस्थान. पण ते आधी कुणी दाखवलंच नसेल, तर लोकांना ती लबाडी वाटणार. विश्वास असा तुटतो. तो तुटला की त्या जागी कोण येऊन बसतं, हे आपल्या व्हॉट्सॲपवर रोज दिसतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. शंका जाहीरपणे बोलून दाखवल्या, तर भोंदूंच्या हातात कोलीत मिळेल. आम्हाला हे पटत नाही. भोंदू माणूस शंका घेतो ती फक्त दुसऱ्यावर. विज्ञानाची शंका आधी स्वतःवर असते, आणि तो फरक श्रोत्याला दाखवला तरच कळेल. सप्टेंबर २०१० मध्ये लायगो आणि व्हर्गो या शोधकयंत्रांत एक सुंदर संकेत आला. शेकडो लोकांनी महिनोन्‌महिने तो तपासला, प्रसिद्धीसाठी निबंधसुद्धा लिहून तयार केला. मार्च २०११ मध्ये लिफाफा उघडला आणि कळलं, की मोजक्या माणसांनी तो संकेत मुद्दाम आत सोडला होता. आपली पद्धत पक्की आहे का, हे बघायला स्वतःचीच घेतलेली परीक्षा! २०१५ मध्ये खरी लहर आली तेव्हा तिच्यावर विश्वास का ठेवायचा, याचं एक उत्तर या गोष्टीत आहे. लायगोवरच्या व्याख्यानात रबराची चादर हमखास असते. हा लिफाफा क्वचितच असतो.

दुसरा आक्षेप: "श्रोत्यांना ठाम उत्तर हवं असतं." असेलही. पण एप्रिल १८४६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, शुक्रवार संध्याकाळच्या व्याख्यानात, मायकेल फॅरडे यांनी एक कल्पना मांडली. प्रकाश म्हणजे बलरेषांची थरथर असेल का? हा निव्वळ तर्क आहे, सिद्ध काहीच नाही, हे त्यांनी स्पष्ट ठेवलं. पुढे जवळजवळ वीस वर्षांनी मॅक्सवेल यांनी विद्युतचुंबकीय सिद्धांत मांडला, तेव्हा या विचाराचं ऋण मान्य केलं. अर्धवट कल्पना अर्धवट म्हणूनच सांगितली, तर श्रोते उठून जातात असं नाही. आणि आपल्याकडे बघा ना, जयंत नारळीकर आयुष्यभर महास्फोट सिद्धांताच्या विरुद्ध, बहुमताच्या विरुद्ध उभे राहिले. मराठी वाचकांनी त्यांच्यावर प्रेमच केलं. मतभेद पेलण्याइतके आपण नक्कीच मोठे आहोत.

चित्रांबद्दलही दोन शब्द. १० एप्रिल २०१९ ला एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा आली. नारिंगी कडं सगळ्यांनी पाहिलं. तो रंग निवडलेला आहे, रेडिओ लहरींना डोळ्यांना दिसेल असा रंग नसतो. आणि ती प्रतिमा गणिताने बांधलेली आहे. म्हणून चार चमूंनी एकमेकांना न सांगता आपापली प्रतिमा तयार केली, मग ताडून पाहिली, आणि चौघांनाही कडंच मिळालं. हे सांगितलं, तर त्या चित्रावरचा आपला विश्वास वाढतो की कमी होतो? आमच्या मते वाढतो. फक्त पडद्यावरचं निरीक्षण कोणतं, गणिताने बांधलेलं कोणतं आणि कलाकाराची कल्पना कोणती, हे त्या-त्या वेळी सांगायला हवं.

शेवटी व्यवस्थेबद्दल, म्हणजे आयोजकांबद्दल. परिचय, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप, आभार, सगळ्याला वेळ असतो. कात्री लागते ती प्रश्नांना. "वेळेअभावी दोनच चिठ्ठ्या घेऊ." चालू संशोधनावरच्या व्याख्यानात प्रश्न ही शोभेची वस्तू नाही, ते व्याख्यानाचं उत्तरार्ध आहे. मुंबईत टीआयएफआरच्या मंडळींनी २००९ पासून ‘चाय अँड व्हाय’ चालवलं आहे. रविवारी सकाळी जुहूच्या पृथ्वी थिएटरमध्ये चहा, गप्पा, प्रयोग, आणि मधेच थांबवून विचारायची मुभा. खर्च फार नाही. व्यासपीठाची उंची तेवढी कमी करावी लागते.

वक्ते बदलतील तेव्हा बदलतील. श्रोते म्हणून आपण पुढच्या व्याख्यानापासून तीन प्रश्न विचारू शकतो. हा निकाल चुकीचा असेल, तर बहुधा कुठे चुकला असेल? तो वेगळ्या लोकांनी, वेगळ्या उपकरणांनी तपासला आहे का? आणि काय दिसलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल? हे प्रश्न उद्धट नाहीत. ज्याने ते काम स्वतः केलं आहे, त्याला ते विचारलेले आवडतात, कारण प्रयोगशाळेत तो रोज हेच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

खोडदच्या अँटेना अजून ऐकताहेत. ती पावलं कोणाची, हे पुढच्या वर्षांच्या निरीक्षणांतून ठरत जाईल, आणि त्यावर पुन्हा व्याख्यानं होतील. तेव्हा वक्त्याने "शोध लागला" म्हटलं, तर हात वर करून एवढंच विचारा: किती सिग्मा?