आत येऊ का?

दहावीच्या सुट्टीत ‘ट्वायलाइट’ वाचलं, तेव्हा त्यातली एक गोष्ट मला जगातली सगळ्यात रोमँटिक गोष्ट वाटली होती. एडवर्ड कलन रात्री बेलाच्या खोलीत येतो आणि ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला न सांगता. हे कळल्यावर बेला आधी ओशाळते, झोपेत आपण काय बडबडलो असू म्हणून, मग सुखावते. तिच्याबरोबर मीही सुखावले होते.

व्हँपायरबद्दल नेहमी एक सरधोपट गोष्ट सांगितली जाते: आधी तो राक्षस होता, मग हळूहळू देखणा होत गेला. तारखा बघितल्या तर ही गोष्ट टिकत नाही. जॉन पोलिडोरीच्या ‘द व्हँपायर’मधला (१८१९) लॉर्ड रुथवेन लंडनच्या मेजवान्यांत मिरवणारा, बायकांना भुरळ घालणारा उमराव आहे. पोलिडोरी हा कवी बायरनचा डॉक्टर. रुथवेनवर बायरनची सावली उघड दिसते. शेरिडन ल फानूची कार्मिला (१८७२) तर सुंदरच आहे. त्यानंतर, १८९७ मध्ये, ब्रॅम स्टोकरचा ड्रॅक्युला आला. पांढऱ्या मिशांचा, तळहातांवर केस असलेला, तोंडाला घाण वास येणारा म्हातारा. १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ चित्रपटात त्याचा टकला, उंदरासारख्या दातांचा काउंट ओरलोक झाला. आणि नऊच वर्षांनी बेला लुगोसीने त्याला केप चढवून पुन्हा रुबाबदार केलं. म्हणजे रूप कायमच पुढेमागे होत राहिलं.

मग बदललं काय? माझ्या मते, उंबरठा.

स्टोकरच्या कादंबरीत एक नियम आहे: घरातल्या कुणीतरी बोलावल्याशिवाय व्हँपायर पहिल्यांदा आत येऊ शकत नाही. मला हा नियम परका वाटला नाही. उंबरठ्यात उभं राहून देणंघेणं करू नये, हे आपल्याकडे आजीच्या तोंडून ऐकलेलं असतंच. पण स्टोकर पुढे जे करतो ते भयंकर आहे. ज्या मनोरुग्णालयाच्या इमारतीत मीना हार्करला सुरक्षित म्हणून ठेवलेलं असतं, तिथे ड्रॅक्युलाला आत घेतो तो रेनफिल्ड, तिथला एक रुग्ण. बोलावणारा एक, भोगणारी दुसरीच. होकार फसवून मिळवता येतो, दुसऱ्याच कुणाकडून घेता येतो, हे स्टोकरला नीट कळलं होतं. मला त्या कादंबरीत सुळ्यांपेक्षा याचीच जास्त भीती वाटते.

२००८ साली व्हँपायरच्या प्रेमाचे दोन चित्रपट आले. एक ‘ट्वायलाइट’. दुसरा स्वीडिश, ‘लेट द राइट वन इन’, योन आयविदे लिंडक्विस्टच्या कादंबरीवरचा. त्यात एली ही व्हँपायर बारा वर्षांच्या ऑस्करच्या दारात उभी राहते आणि ‘आत ये’ असं म्हणायला सांगते. नाही म्हटलं तर काय होतं, हे बघायला ऑस्कर मुद्दाम गप्प राहतो. एली आत पाऊल टाकते. थोड्या वेळात तिच्या अंगातून, डोळ्यांतून, कानांतून रक्त यायला लागतं. मग ऑस्कर घाबरून ओरडतो, ये, तू येऊ शकतेस. न विचारता आत येण्याची किंमत इथे येणाऱ्याच्या शरीराला मोजावी लागते. एली खुनी आहे, तरी तिचं आकर्षण मला मान्य करावं लागतं, ते या एका प्रसंगामुळे.

एडवर्डला असलं काही होत नाही. त्याच्यावर अन्याय नको करायला. रक्ताच्या बाबतीत तो कमालीचा संयमी आहे, बेलाच्या जवळ येतानाही शंभरदा विचार करतो. पण हा सगळा संयम तो खोलीत शिरल्यानंतरचा. शिरण्यासाठी त्याला कुणाला विचारावं लागत नाही. स्टेफनी मायरने त्याचे सुळे काढले, उन्हात जळण्याऐवजी त्याला चमकायला लावलं, आणि जाता जाता उंबरठाही काढून टाकला. राक्षसाला देखणं केलं, यावर माझा आक्षेप नाही. ते १८१९ पासून चालू आहे. त्याला विचारायची गरज उरली नाही, यावर आहे.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी एक मुलगा रोज संध्याकाळी आमच्या होस्टेलसमोर, माझ्या खिडकीखाली उभा राहायला लागला. पत्ता मी दिलेला नव्हता. रूममेट म्हणाली, “काय रोमँटिक आहे यार!” आणि खरं सांगायचं तर पहिले दोन दिवस मलाही तसंच वाटत होतं. पोटात गोळा येत होता, त्याला मी प्रेम समजत होते. कारण ही गोष्ट मी आधी वाचलेली होती, आणि तिचा शेवट गोड होता.

तिसऱ्या दिवशी खाली जाऊन त्याला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. तो मनापासून गोंधळला.

“पण मी काय केलं? नुसता उभा तर होतो.”

खरंच होतं ते. एडवर्डही नुसता बसलेलाच असायचा.