धान्य आले, चुना राहिला

पारंपरिक वनस्पतिप्रधान आहारावर हल्ली पुष्कळ लिहिले जाते. त्यात एक गोष्ट गृहीत असते : पूर्वज खात ते पौष्टिकच. ओकिनावाचे रताळे, मेक्सिकोचा मका, आपली ज्वारी अशी यादी दिली की लेखक मोकळा होतो. माझा आक्षेप असा, की हे लेखन धान्याचे नाव सांगते आणि कृती गाळते. ती गाळल्याने काय होते, हे मक्याच्या इतिहासात दिसते.

मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर भिजवतात, धुतात आणि मग वाटतात. अशा प्रक्रिया केलेल्या मक्याला ‘निश्तमाल’ म्हणतात. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध असते. चुन्यामुळे ते सुटते आणि अंगी लागते. शिवाय जोडीला घेवडा आणि भोपळा असतो.

कोलंबसानंतर मका युरोपात गेला. ही रीत गेली नाही. १७३५ साली गास्पार कासाल या वैद्याने स्पेनमधील अस्तुरियास प्रांतातल्या गरीब शेतकऱ्यांत एक रोग नोंदवला. पुढे इटलीत त्याला ‘पेलाग्रा’ हे नाव मिळाले. ऊन लागेल तिथली कातडी सोलवटते, जुलाब होतात, बुद्धी भ्रमते, शेवटी माणूस दगावतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात या रोगाने हजारो माणसे गेली. अनेक डॉक्टर त्याला संसर्गजन्य मानत. जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४पासून अनाथाश्रमांतल्या मुलांच्या जेवणात दूध, मांस, कडधान्ये वाढवून रोग हटतो हे दाखवले. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांच्या प्रयोगांतून नायसिनचा उलगडा झाला.

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. हैदराबादच्या परिसरात, ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळत असे. १९६० साली गोपालन आणि श्रीकांतिया यांनी ज्वारीतल्या ल्यूसीन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवले. त्या उपपत्तीवर पुढे वाद झाले. रुग्णांचे दारिद्र्य मात्र वादाचा विषय नव्हता.

ज्वारी वाईट, असा याचा अर्थ नाही. डाळ, ताक, पालेभाजी सोबत असेल तर भाकरीसारखे अन्न नाही. पण परंपरा नुसत्या धान्यात नसते. रांधण्याची रीत आणि ताटातली सोबत मिळून ती होते. ही सोबत ज्याला परवडली नाही, तोही परंपरेतच जगत होता. पूर्वजांच्या आहाराची थोरवी गाताना त्याचे ताट वगळले, तर तो इतिहास अर्धाच राहतो.