तीन आणे, पंधरा आणे : संसदीय वादातील एक प्रतिमा
ऑगस्ट १९६३मध्ये लोकसभेत मांडल्या गेलेल्या पहिल्या अविश्वास ठरावावर बोलताना डॉ. राममनोहर लोहिया यांनी २७ कोटी भारतीय रोज तीन आण्यांवर जगतात, असे हिंदीतून प्रतिपादन केले. पंतप्रधान नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. पंधरा आणे ही सरासरी होती. तीन आणे हा तळच्या माणसांचा हिशेब होता. दशमान नाणेपद्धती १९५७मध्येच आली होती. तरीही वाद ‘आण्या’तच झाला, कारण ते परिमाण बोलीव्यवहारात जिवंत होते. म्हणूनच येथे आकडा प्रतिमेचे कार्य करतो आणि सरासरीने झाकलेला माणूस सभागृहासमोर उभा करतो. तौलनिक समीक्षेने संसदीय भाषणांना केवळ राजकीय दस्तऐवज मानले, तर नियोजनाची परिभाषा आणि लोकभाषा यांच्यातील हा संघर्ष तिच्या नजरेतून निसटेल.