‘निनावी’ की ‘टोपणनावी’? : एका परिभाषेची चिकित्सा

संकेतस्थळांवरील वावर मोजणाऱ्या साधनांच्या परिभाषेत ‘यूजर’ या एकाच शब्दावर तीन अर्थांचा भार पडला आहे : प्रत्यक्ष माणूस, त्याचे खाते आणि त्याच्यापुढील ब्राउझर. माणूस खात्यात असेतोवर हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात व परिभाषेतील दोष झाकला जातो. तो उघडा पडतो लॉगआउटच्या क्षणी.

ब्राउझर प्रथम येताच त्यास एक यादृच्छिक क्रमांक मिळतो व तो ब्राउझरमध्येच साठविला जातो. ‘सेगमेंट’ या साधनात यास ‘अ‍ॅनॉनिमस आयडी’, म्हणजे निनावी क्रमांक, असे नाव आहे. पुढे माणूस खात्यात शिरला की ‘आयडेंटिफाय’ ही आज्ञा त्या क्रमांकाची खात्याशी गाठ घालते. खात्यातून बाहेर पडताच ही गाठ आपोआप सुटत असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ती सुटत नाही. सेगमेंट काय किंवा ‘पोस्टहॉग’ काय, ‘रिसेट’ ही वेगळी आज्ञा आज्ञावली लिहिणाऱ्यानेच द्यावी लागते. ती राहून गेली आणि त्याच संगणकावर बहिणीनंतर भाऊ बसला, तर त्याने एखाद्या आजाराविषयी वाचलेली पाने बहिणीच्या नावे नोंदली जातात.

ही चूक केवळ निष्काळजीपणाची नव्हे. तिला शब्दाचेही साहाय्य आहे. राम गणेश गडकरी यांनी ‘गोविंदाग्रज’ या नावाने काव्य लिहिले व ‘बाळकराम’ या नावाने विनोद. ही नावे निनावीपणाची नव्हेत. ती टोपणनावे होत. नावामागचा माणूस कळताच त्या नावाचे मागील सारे लेखन त्याच्या पदरी पडते. तथाकथित निनावी क्रमांकाचे कार्य नेमके हेच आहे. युरोपीय संघाच्या 2016 च्या विदासंरक्षण नियमावलीनेही हा भेद मानला असून टोपणनावी माहिती ही व्यक्तिगत माहितीच ठरविली आहे. भेद उरतो तो एवढाच, की टोपणनाव त्या लेखकाचेच असते. ब्राउझरचा क्रमांक मात्र जो समोर बसेल त्याचा होतो.

‘रिसेट’ हा शब्दही फसवा आहे. त्याने मागील नोंदी पुसल्या जात नाहीत. केवळ पुढील धागा तुटतो. ‘गूगल अ‍ॅनालिटिक्स’मध्ये लॉगआउटनंतर खात्याचा क्रमांक ‘नल’ करावा, अशी सूचना आहे. परंतु ब्राउझरचा क्रमांक वाहणारी कुकी त्याने जात नाही. तिची मूळ मुदत दोन वर्षांची आहे.

प्रत्येक लॉगआउटला क्रमांक बदलल्यास एकच माणूस अनेकदा मोजला जाईल, हा आक्षेप खरा आहे. तथापि दोन दोषांची योग्यता सारखी नाही. एकाचे दोन होणे ही गणनेतील चूक होय. एकाचे कृत्य दुसऱ्याच्या माथी जाणे ही खोटी साक्ष होय. यास्तव माणूस, खाते व ब्राउझर यांना तीन वेगळे शब्द असावेत, ‘निनावी’च्या जागी ‘टोपणनावी’ म्हणावे, आणि गाठ सोडणे हा लॉगआउटचाच अविभाज्य भाग मानावा.